तक्ता क्रमांक नऊ

१९८९च्या उन्हाळ्यात आमच्या प्रताप नगरच्या घरात कूलर एकच होता आणि कॉम्प्युटरही एकच. कूलर सासूबाईंच्या खोलीच्या खिडकीला आणि कॉम्प्युटर मधल्या खोलीत. त्याच्यासाठी मी माझं शिलाई मशीन उतरवून पलंगाखाली सरकवलं होतं आणि त्याचं टेबल मोकळं केलं होतं. त्या आधीची एकवीस वर्षं त्या टेबलावर सगळ्यांच्या पायजम्यांना नाड्या लागल्या होत्या.

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. मुलींच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची आणि पीएच.डी. करत होते. विषय होता, कुही तालुक्यात धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, जाणाऱ्या बायकांचं काम आणि त्यांची दुखणी. तीन वर्षं दर रविवारी सकाळच्या एसटीनं कुहीला जायचं, चालत पुढची गावं गाठायची आणि बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उकिडवं बसून प्रश्न विचारायचे. वर्षातून किती दिवस काम मिळतं, पाणी किती दूर, कंबर कधीपासून दुखते. अशा चारशे बारा बायका झाल्या. त्यांतली भीमाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "बाई, आमचं लिहून नेता, ते आमाले वाचून दाखवसान का तसंच ठेवून देसान?"

"दाखवीन," मी म्हटलं होतं.

आता वाचून दाखवायला आधी ते पुरं व्हायला हवं होतं. नोंदणीची मुदत मी एकदा वाढवून घेतली होती. दुसऱ्यांदा वाढत नव्हती. ३१ मेच्या संध्याकाळी पाचपर्यंत प्रबंध विद्यापीठात पोचला नाही तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षांचं काम ट्रंकेत. प्रकरणं टाइप होऊन बाइंडरकडे पडली होती. राहिले होते शेवटचे चौदा तक्ते. त्यातली आकडेमोड हातानं करायची तर दिवाळी उजाडली असती.

म्हणून तर कॉम्प्युटर. तो माझे दीर कृष्णकांत यांनी दिल्लीहून पाठवला होता. त्यांच्या ऑफिसात नवे आले, तेव्हा हा एक जुना त्यांच्या वाट्याला आला. पडद्यावर हिरवी अक्षरं, दोन फ्लॉपी घालायच्या दोन फटी आणि सुरू केला की पंख्याची एकसारखी घरघर. पण आकडेमोडीचा प्रोग्रॅम त्यात घातला, तर त्यानं सरळ सांगितलं की मेमरी पुरत नाही. दोनशे छप्पन होती, सहाशे चाळीस हवी होती. मी कृष्णकांतना ट्रंक कॉल लावला. मेच्या मध्यावर पार्सल आलं. थर्मोकोलच्या तुकड्यात पाय खुपसून बसवलेल्या काळ्या चिपा, प्रत्येकीला सोळा पाय.

"गोमा कशाला मागवल्यास गं?" सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. इंदूबाई त्यांचं नाव, वय चौऱ्याहत्तर, नजर शाबूत.

"मेमरी आहे, आई. कॉम्प्युटरची स्मरणशक्ती वाढवायची."

"किती आहेत?"

"सत्तावीस."

"मग नक्षत्रंच झाली की. त्यातली रोहिणी कोणती ते बघून ठेव. सूर्य तिच्यात शिरला की नऊ दिवस नवतपा, लागायला आठवडाच राहिला."

त्या बसवायला आम्ही देवरावांना बोलावलं. कोपऱ्यावर त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत त्यांनी वीस वर्षं विजेचं काम केलं होतं. पेटीचं झाकण काढल्यावर ते बराच वेळ नुसतं आत पाहत राहिले.

"वहिनी, मी रेडिओवाला माणूस. याच्यात वाल्व कुठी हाय?"

"यात वाल्व नसतात, देवराव."

"मंग हे तापते काहून?"

याचं उत्तर द्यायला माझे यजमान मधुसूदन पुढे झाले. ते पाटबंधारे खात्यात होते. इलेक्ट्रॉनिक्सचं एक इंग्रजी मासिक दर महिन्याला मागवायचे आणि त्यातल्या महत्त्वाच्या ओळींखाली पट्टीनं रेघा मारायचे. चिपांबरोबर आलेला कागद हातात धरून ते मोठ्यानं वाचू लागले. खाच कुठल्या बाजूला, बोट कुठे लावायचं नाही, दाब कसा सारखा द्यायचा.

"साहेब, तुमी वाचा, पण जरा हळू," देवराव म्हणाले. "मी बसवून राहिलो, धावून नाही राहिलो."

सत्तावीस चिपा बसल्या. मी बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा चढू लागला. चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. आम्ही चौघं त्या आकड्याकडे बघत होतो. पाचशे बारावर तो थांबला तो थांबलाच. मधुसूदननी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. देवरावांनी मात्र टॉर्च आडवी धरली आणि एकेका चिपेच्या पोटाखालून प्रकाश टाकत गेले. एकीचा एक पाय खाचेत न जाता आत दुमडून बसला होता. चिमट्यानं त्यांनी तो सरळ केला. या वेळी आकडा सहाशे चाळीसपर्यंत गेला आणि 'टुक्' असा एकच आवाज झाला.

सासूबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

एका तक्त्याला दीड तास लागायचा. आपण करायचं काही नाही, फक्त वाट पाहायची. फ्लॉपीचा लाल दिवा अधूनमधून लुकलुकायचा आणि आत काहीतरी कुरतडल्यासारखा आवाज यायचा. पहिले चार तक्ते दोन दिवसांत निघाले. पाचव्याला सव्वा तास झाला असताना पडदा एकदम गोठला आणि वर दोन शब्द उमटले, पॅरिटी चेक, म्हणजे मेमरीत कुठेतरी चूक. मग कुठलीही कळ दाबा, काही नाही. बंद करून पुन्हा सुरू करायचं, म्हणजे दीड तास पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा चाळीस मिनिटांतच.

मधुसूदननी भिंतीवरचं थर्मामीटर आणून कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवलं. मग मासिक उघडलं, मग मिटलं.

"गरमी," ते म्हणाले. "विद्यापीठाचा कॉम्प्युटर बघितला ना तू? एसीत ठेवलाय. चपला बाहेर काढून आत जावं लागतं. आणि आपण याला पंचेचाळीस डिग्रीत बसवलंय."

"मग एसी कुठून आणू?"

  आम्हा दोघांची नजर एकाच दाराकडे गेली असावी, कारण आतून आवाज आला.

"न्या. कूलर न्या माझा."

"आई, तसं नाही..."

"माझी खोली उत्तरेकडची आहे. कमरेला कांदा आहे. ओलं लुगडं बांधते दाराला. त्या डब्याला घाम येतो म्हणता ना? मला तर येऊन येऊन आता येतही नाही."

त्या नेहमीच असं टोचून बोलत, म्हणून त्या शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही. खरं तर मला कूलर हवा होता. त्या देताहेत तर घ्यावा, इतकंच डोक्यात होतं. संध्याकाळी कूलर मधल्या खोलीत आला. स्टुलावर ठेवून त्याचं तोंड आम्ही कॉम्प्युटरकडे केलं. टाकीत आवारातल्या विहिरीचं पाणी भरलं, पंप सुरू केला. वाळ्याच्या ताट्यांचा वास सुटला. आमच्या घरात इतका गारवा कुणा माणसाला कधी मिळाला नव्हता.

पाचवा तक्ता निघाला. मधुसूदननी मासिकातल्या त्या ओळीखाली दुसरी रेघ मारली.

पण सहाव्याला पुन्हा पॅरिटी चेक. मग आम्ही कूलर आणखी जवळ घेतला. सहावा तिसऱ्या प्रयत्नात निघाला, सातवा चौथ्या. आठव्याचे किती प्रयत्न झाले ते मोजणं मी सोडलं होतं. कधी सुरू करतानाच आकडा तीनशेवर अडकायचा. वीस मिनिटं बंद ठेवलं की चालायचा. मला एका जागी बसवेना. आठ ढांगांत स्वयंपाकघर, आठ ढांगांत परत. दिवा लुकलुकतोय का पाहायचं, टाकीत बादली ओतायची, घड्याळ पाहायचं. कुकरची शिट्टी झाली तरी मी पडद्याकडे धावायची. कॉम्प्युटरला धक्का लागेल म्हणून त्या खोलीत कुणी पाय आपटायचा नाही, दार लोटायचं नाही, मोठ्यानं शिंकायचंही नाही, असा मी नियम केला होता.

"बाळंतिणीच्या खोलीतही इतकं सोवळं नसतं," सासूबाई म्हणायच्या. त्या दुपारभर दाराला ओलं लुगडं बांधून आत पडून असायच्या. दर तासाला लुगडं भिजवायचं काम माझं होतं. दर तासाला ते होत नव्हतं.

नवतपा लागला त्याचा दुसरा दिवस, शुक्रवार, २६ मे. मधुसूदन ऑफिसात होते. बाहेर रस्त्यावर एक सायकलसुद्धा नव्हती. मी नवव्या तक्त्याला बसले होते. पाण्याचं अंतर आणि कामाचे दिवस, यांचा एकमेकांशी काही संबंध लागतो का, ते त्यात पाहायचं होतं. सकाळपासून दोनदा बंद पडून हा तिसरा प्रयत्न चालला होता. एक तास वीस मिनिटं झाली होती. इतका पुढे तो दोन दिवसांत गेला नव्हता.

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. फुलपात्र असावं. मग सासूबाईंचा आवाज, "उत्तरा."

मी दिव्याकडे पाहत होते.

"उत्तरा, जरा इकडे ये."

"दहा मिनिटं, आई!" मी बसल्या जागेवरून ओरडले.

माझ्या उठण्यानं कॉम्प्युटरला काय होणार होतं? काही नाही. तो त्याचा चालला असता किंवा बंद पडला असता. पण मला वाटत होतं, मी नजर काढली की तो थांबेल. त्या पुन्हा बोलल्या नाहीत. बरं झालं, ऐकलं त्यांनी, असं मला वाटलं. हेही सांगून टाकते. दहा मिनिटांनी पडद्यावर आकड्यांच्या ओळी सरसर उतरल्या. मी ते सगळं फ्लॉपीवर उतरवलं, फ्लॉपी बाहेर काढली, तिच्यावर पेन्सिलनं 'नऊ' लिहिलं आणि मग आत गेले.

त्या पलंगाच्या कडेला, जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. लुगडं दारावर कोरडं ठणठणीत वाळलं होतं. चेहरा लालभडक. हात लावला तर तव्यासारखा तापलेला आणि घामाचा टिपूस नाही. डोळे उघडे होते, पण त्या मला इंदोरच्या त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारत होत्या.

पुढचा तास तुकड्यातुकड्यानं आठवतो. शेजारची शामला धावत डॉक्टरांकडे गेली. मी बादल्याच्या बादल्या त्यांच्या अंगावर ओतल्या. कुणीतरी बर्फ आणला. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "किती वेळ झाला हे होऊन?"

"आत्ताच," मी म्हटलं.

संध्याकाळी त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली आणि पाणी मागितलं. मधुसूदन पायथ्याशी बसून त्यांचे तळवे चोळत होते. मी मधल्या खोलीत गेले आणि कूलरचं बटण बंद करून टाकी उपसू लागले.

मधुसूदन मागे आले. "अगं, पाच तक्ते राहिलेत."

"राहू देत."

"पाच दिवस आहेत. सहा वर्षं घालवलीस तू."

"कूलर उचला. एकटीला झेपत नाही मला."

कूलर खिडकीत पुन्हा बसवायला शनिवारी सकाळी देवराव आले. त्यांनी जाळीवरून हात फिरवला आणि पांढरी झालेली बोटं माझ्यापुढे धरली.

"विहिरीचं पाणी घालता काय यात?"

"हो. दर होळीला ते पांढरं खरवडायचं काम माझंच असतं."

बोलता बोलता माझी नजर मधल्या खोलीतल्या कॉम्प्युटरकडे गेली. मी त्यांना म्हटलं, "देवराव, आधी त्या कॉम्प्युटरचं झाकण काढा."

झाकण निघालं. चिपांच्या पायांवर, खाचांच्या कडांवर, सगळीकडे तेच होतं. बारीक, पांढरं, मिठासारखं. कूलरनं आठवडाभर त्याच्यावर ओली हवा फेकली होती आणि त्याच्या पंख्यानं ती इमानानं आत ओढून घेतली होती. देवरावांनी अंगठ्यानं एक चिप दाबली. कट् असा आवाज आला. दुसरी दाबली, पुन्हा कट्.

"वहिनी, पहिला रोग येवढासा होता. गरमीनं दोन-चार चिपा उचकल्या खाचेतून. त्यायले दाबाचं होतं फक्त. तं तुमी त्यायले आंघोळ घातली."

"पण गरमी..." मधुसूदननी मासिक उघडलं.

"साहेब, खाणीत तं भट्टीसारखी गरमी राहे. पण पंप जे सडत, ते गरमीनं नाही सडले कधी. पाण्यानं सडत."

मधुसूदननी मासिक मिटलं. त्यानंतर त्यांनी त्यात रेघा मारल्याचं मला आठवत नाही.

दुपारपर्यंत आम्ही तिघं बसलो. एकेक चिप काढायची, जुन्या टूथब्रशला स्पिरिट लावून पाय घासायचे, वाळवायची, परत बसवायची. आतल्या कार्डांच्या सोनेरी कडा देवरावांनी शाळेच्या खोडरबरानं घासल्या. चिपा दाबायचं काम मी घेतलं. सत्तावीस नव्या, नऊ जुन्या. अंगठा सुजला. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "रोहिणी सापडली का गं?" आवाज बारीक होता, पण त्यांचाच होता.  मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आले.

रविवारपासून मी पहाटे चारला उठू लागले. तेव्हा भिंती त्यातल्या त्यात निवलेल्या असत. झाकण उघडंच ठेवायचं, धूळ उडू नये म्हणून पंखा लावायचा नाही आणि सासूबाईंच्या खोलीचं दार सताड उघडं. पडदा आणि त्यांचा पलंग, दोन्ही दिसतील अशी मी खुर्ची ठेवली. आत कूलर घरघरत होता, बाहेर कॉम्प्युटर. दहावा निघाला. अकरावा निघाला. पण ती आधीची धावपळ अंगातून जात नव्हती. आता कानही पुरत नव्हते. कूलरच्या आवाजात हाक विरून गेली तर?

बारावा चालू असताना हाक आली. "उत्तरा, पाणी."

मी ताडकन उठले. पाणी दिलं. परत येऊन बसले.

"उत्तरा, उशी सरकव जरा."

सरकवली.

"उत्तरा."

"काय, आई?"

"काही नाही. जा."

असं तेराव्यालाही तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी आत गेले, तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू होतं का, हे मला अंधुक उजेडात कळलं नाही. तक्ता मात्र माझ्या पाठीमागे बिनबोभाट पुरा झाला. मंगळवारी सकाळी सव्वासहाला चौदावा आला.

बुधवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी मी विद्यापीठाच्या खिडकीत पाच प्रती ठेवल्या. शेवटच्या पानांचा गोंद अजून ओला होता. कारकून म्हणाला, "मॅडम, हे चिकटून राहिलं ना हाताले." मी म्हटलं, "वाळेल. शिक्का मारा." शिक्का पडेपर्यंत मी त्याच्या हाताकडे बघत होते.

जुलैच्या शेवटी रोवणीच्या दिवसांत कुहीला गेले. दुपारच्या भाकरीला बायका धुऱ्यावर बसल्या, तेव्हा भीमाबाईला आणि इतरांना मी वाचून दाखवलं. आकडे कमी, त्यांची बोलणी जास्त. "हे मी म्हटलं होतं," अशी मधूनच कुणीतरी ओरडायची. नववा तक्ता मी गाळला. त्यांना ते कळलं नाही.

तोंडी परीक्षा डिसेंबरात झाली. बाहेरगावाहून आलेले परीक्षक सज्जन होते. त्यांनी प्रबंध वाखाणला. मग पानं उलटत एका जागी थांबले. म्हणाले, "हा तक्ता क्रमांक नऊ. यातून हाती काहीच लागत नाही. हा नसता तरी चाललं असतं." मी "हो सर" म्हटलं.

घरी आले तेव्हा सासूबाई अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसल्या होत्या. कूलरवर पोतं घालून तो मागे ठेवला होता.

"झाली डॉक्टर?"

"झाले, आई." मी वाकून नमस्कार केला.

"काय विचारलं त्यांनी?"

मी सांगितलं. काय वाखाणलं ते सांगितलं आणि सांगता सांगता नवव्याचंही तोंडून निघून गेलं.

"नववा," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्या शुक्रवारचा?"

शुक्रवारचं मी कुणालाच काही बोलले नव्हते. मधुसूदननाही नाही. सहा महिने मला वाटत होतं की तापात त्यांना काही कळलं नसेल.

"हो," मी म्हटलं.

"नसता तरी चाललं असतं म्हणाले?"

"हो."

"मग दे माझी दहा मिनिटं परत."

मी तशीच उभी राहिले. खांद्याला पर्स, हातात परीक्षकांनी दिलेलं फूल. त्यांनी पायानं शेजारचं स्टूल पुढे ढकललं. कूलर ठेवला होता, तेच ते स्टूल.

"उभी काय राहून राहिली? बैस."

मी बसले.   आत दूध तापायचं होतं, कॉलेजात फोन करायचा होता, मधुसूदन यायच्या आत काहीतरी गोड करायचं होतं. माझी टाच आपोआप जमिनीवर आपटू लागली. थोड्या वेळानं मी उठायला म्हणून हात गुडघ्यावर ठेवला.

सासूबाईंनी समोरच्या खिडकीतून आतल्या घड्याळाकडे पाहिलं.

"हलू नको," त्या म्हणाल्या. "चार राहिली अजून."